गार पाण्याचं कारण

घर बघायला मी आणि आई पहिल्यांदा गेलो, तेव्हा काकांनी मला एकच प्रश्न विचारला. जात विचारली नाही, घरात माणसं किती ते विचारलं नाही, माझं लग्न का झालं नाही तेही विचारलं नाही. माझ्या हातातल्या वडिलांच्या जुन्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "हे दिवसाला किती मागे पडतं?"

मी म्हणाले, "तीन मिनिटं. थंडीत चार."

त्यांनी मान डोलावली आणि आत तोंड करून सांगितलं, "ऐकलंस का, वरच्या खोल्या दिल्या."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाल बाजाराच्या मागच्या बाजूला ते घर होतं. महाराजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत शिवण आणि मराठी शिकवत असे. काका आमचे घरमालक. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून आलेले, घराण्यात सगळे फौजेतले. काकांनी मात्र उभी नोकरी संस्थानच्या छोट्या रेल्वेच्या कारखान्यात इंजिनांचे बॉयलर दुरुस्त करण्यात घालवली होती. साठी उलटली होती, अंगाने काटकुळे. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात एक खाकी कोट. त्याच्या खिशांत खडू, सुतळीचं रीळ, मेणबत्तीचा तुकडा आणि एक चमचा कायम असे. चमचा कशाला, असं मी एकदा विचारलं. "चव बघायला," ते म्हणाले. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण तसं काही ठरलेलं नव्हतं. एकदा मी त्यांना गल्लीतल्या गटाराजवळ झिरपणारं पाणी चमच्यात घेऊन वास घेताना पाहिलं. ते नळाचं की पावसाचं, एवढंच त्यांना हवं होतं.

खडूने ते दिसेल त्या वस्तूवर खूण करत. पावसाळ्यात दार किती फुगतं त्याच्या रेघा चौकटीवर, तेलाच्या बरणीवर रोजच्या पातळीच्या रेघा, अंगणातल्या फरशीवर सावली कुठल्या महिन्यात कुठवर येते त्याच्या रेघा. फरशी पुसताना काकू त्या रेघांना वळसा घालत. घरात पाहुणा आला आणि चुकून रेघेवर पाय पडला, की काकूच म्हणत, "जरा बाजूने, भाऊ. ह्यांचा मार्गशीर्ष पुसला जाईल."

भाजीवाली दारात आली की काका तिला विचारत, "ये मेथी कल से ज़्यादा कड़वी क्यों है?"

"साहब, मेथी है, कड़वी तो होगी."

"कल इतनी नहीं थी. कल कहाँ से लाई थी?"

पहिले काही दिवस ती वैतागली. मग टोपली उतरवतानाच आपणहून सांगू लागली की आजची मेथी मोरारकडच्या मळ्यातली आहे आणि त्या मळ्याला दोन दिवस पाणी मिळालेलं नाही. ती गेल्यावर काकांचा चेहरा काहीतरी मिळाल्यासारखा होई. गल्लीतले लोक हसत, पण कुणाची शिवणयंत्राची सुई तुटत राहिली किंवा चूल धुमसायला लागली, की हसणारेच बोलवायला येत. काका जात आणि आधी काहीच दुरुस्त करत नसत. तिथे बसून राहत. म्हणत, "धूर येतो ही बातमी झाली. कारण वेगळं असतं. कारण बातमीच्या आधीचं असतं." आणि दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर बरं झालेलं कळेल, पण कशाने ते मरेपर्यंत कळणार नाही."

त्यांना खोटं बोलता येत नसे. त्यात तत्त्वाचा भाग नव्हता. एखाद्याला शीळ घालता येत नाही, तसंच ते होतं. जवळच्या एका घरातल्या मुलाचं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलीकडची माणसं चौकशीला काकांकडे आली. मुलाची नजर कशी आहे, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "दिवसा बरी आहे. संध्याकाळी मागच्या महिन्यात तो उभ्या म्हशीवर आदळला. दोनदा. म्हैस तीच होती." लग्न मोडलं. काकू त्यांच्यावर फार चिडल्या. "मुलाच्या बापाला विचारा, एवढं म्हणायचं होतं."

"पण त्यांनी मला विचारलं ना," काका म्हणाले. त्यांना खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं.

काकूंना आम्ही राहायला येण्याआधीच अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय हळूहळू सुधारला, उजवा हात नाही. तांब्या उचलून अंगावर पाणी घेणं त्यांना जमेना. घरात धुण्याभांड्याला रामकली नावाची बाई येई, ती त्यांना अंघोळ घालू लागली. रामकली मायाळू होती, हातही हलका होता. तरी अंघोळ झाल्यावर तासभर काकू कुणाशी बोलत नसत. केस विंचरून घ्यायलाही नको म्हणत. भिंतीकडे तोंड करून बसत. जन्मभर ज्या बाईने न्हाणीघराची कडी आतून लावली, तिला आता दार उघडं ठेवावं लागत होतं.

काकांनी हे किती दिवस पाहिलं कोण जाणे. मग एक दिवस त्यांनी न्हाणीघराची भिंत फोडली. दोन-तीन महिने घरात नळ्या, शिशाचा रस आणि ठोकाठोक. शेवटी तयार झाला तो फवारा. स्वयंपाकघर बैठं होतं, त्याच्या छपरावर लोखंडी टाकी. संध्याकाळी सरकारी नळाला जोर असे तेव्हा ती आपोआप भरे. टाकीतून एक नळी बाजूच्या बोळातल्या तांब्याच्या बंबात जाई. तिथे लाकडं पेटवून पाणी तापे आणि दुसऱ्या नळीने न्हाणीघरात येई. तिसरी नळी गार पाण्याची, ती टाकीतून थेट. दोन्हींचं पाणी एकत्र होऊन भिंतीवरच्या पितळी झारीच्या तोंडातून खाली पडे. खाली स्टूल. दोन्ही तोट्या बसल्या बसल्या डाव्या हाताला येतील अशा बेताने लावलेल्या. आमच्या गल्लीत असला प्रकार कुणी पाहिला नव्हता. बायका बघायला आल्या, तेव्हा काकूंनी त्यांना दारातूनच दाखवला आणि दार लावून घेतलं.

पहिल्या दिवशी काकू आत गेल्या आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. काका बाहेर बंबाशी घड्याळ धरून उभे होते. तो आवाज ऐकून त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. बऱ्याच वेळाने काकू बाहेर आल्या, डाव्या हाताने स्वतःच केस पुसत. लगेच बोलल्या, तेही असं, "रामकली, कल से लकड़ी थोड़ी जल्दी लगा दिया कर."

वर्षभर ते छान चाललं. मग पुढच्या हिवाळ्यात, ग्वाल्हेरच्या त्या हाडं फोडणाऱ्या थंडीत, एके सकाळी आतून काकूंचा आवाज आला, "अहो, गार येतंय."

काका बंबाशीच होते. लाकडं नीट पेटलेली, बंबाला हात लावला तर चटका बसत होता. ते न्हाणीघराच्या दाराशी धावत येईपर्यंत काकू म्हणाल्या, "झालं, तोट्या बंद केल्या मी." आत मात्र त्यांचे दात वाजत होते. काकूंना चटकन उठून बाजूला होता येत नसे. पाणी गार झालं की तोट्या बंद करून, भिंत धरून उभं राहीपर्यंत ते अंगावर पडतच राही.

दुसऱ्या दिवशी नीट चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गार.

काकांनी घरातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारलं, "काय बदललं?" आई म्हणाली, काही नाही. रामकली म्हणाली, कुछ नहीं. मीही तेच म्हणाले. काका म्हणाले, "काहीच बदललं नसतं तर पाणीही बदललं नसतं."

त्यांनी वही उघडली. लाकूड बाभळीचं की आंब्याचं, ओलं की सुकं, वारा कुठला, अंघोळ कितीला सुरू, गार किती मिनिटांनी. शहराच्या हजिरा भागातून एक मिस्त्री आला. त्याने बंबावर दोन टकटक मारल्या आणि निकाल दिला, "साहब, बंब बूढ़ा हो गया है. नया ले लो."

"बूढ़ा होता तो रोज़ बूढ़ा रहता," काका म्हणाले. "कल यह जवान था."

मिस्त्री गेला. मग काकांनी औषधांच्या दुकानातून ताप बघायची काचेची नळी आणली आणि गरम पाण्यात धरली. ती तडकली. ती माणसांच्या तापासाठी आहे, बंबाच्या नव्हे, हे त्यांच्या लक्षात आलं, पण ती नेमकी कितव्या अंशाला तडकली हे बघायचं राहिलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. शेवटी त्यांनी खिशातली मेणबत्ती काढली आणि बंबापासून न्हाणीघरापर्यंतच्या नळीवर हातभर अंतराने मेणाचे थेंब टाकले. नळी तापली की मेण वितळून पारदर्शक होई, थंडावली की पांढरं पडे. रोज सकाळी ते त्या नळीशी बसून थेंबांकडे बघत. मी शाळेत जाण्याआधी खाली डोकावले की मलाही बसवून घेत. खरं सांगायचं तर मलाही त्याचा नाद लागला. इतकी वर्षं मी पाण्याने अंघोळ करत होते, पण ते येतं कसं, असा विचार कधी केला नव्हता.

आठव्या की नवव्या दिवशी त्यांनी मला बोटाने दाखवलं. "बघ. न्हाणीकडचे थेंब आधी पांढरे झाले. बंबाकडचे अजून वितळलेलेच आहेत. मतलब काय?"

"बंब गरम आहे."

"बंब गरम आहे, त्यातलं पाणीही गरम आहे. मग पाणी गार होत नाही. गरम पाणी वाटेत थांबतं आणि गार एकटंच येतं. आपण इतके दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो."

गरम पाणी थांबतं कधी? मागून टाकीतलं पाणी त्याला ढकलेनासं होतं तेव्हा. काकांनी टाकीत गार पाण्याची नळी अगदी तळाशी लावली होती आणि बंबाची नळी मुद्दाम एक वीत वर. पाणी कमी पडलंच तर आधी गरम बंद व्हावं आणि गार चालू राहावं म्हणून. उलट झालं असतं तर नुसतं कढत पाणी काकूंच्या अंगावर पडलं असतं. "गारठली तर चालेल, भाजता कामा नये, असं तेव्हा ठरवलं होतं," ते म्हणाले. म्हणजे टाकीतलं पाणी त्या वितीच्या खाली जात होतं. पण टाकी तर रोज संध्याकाळी काठोकाठ भरत होती. बूड कोरडं होतं, कुठे गळत नव्हतं, आणि एका माणसाच्या अंघोळीला इतकं पाणी लागणं शक्य नव्हतं.

"पाणी कुठेतरी जातंय," काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

आमच्या वरच्या खोलीच्या सज्ज्यातून स्वयंपाकघराच्या छपरावर उतरता येई. काकांनी मला एक वेताची काठी दिली. तिच्यावर बोटाबोटाच्या खुणा होत्या. काकूंची अंघोळ चालू असताना दर दोन मिनिटांनी काठी टाकीत बुडवायची आणि किती बोटं ओली झाली ते लिहायचं. ते स्वतः बंबाशी असणार, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाल गुंडाळून छपरावर उतरले. खाली बंबाची लाकडं तडतडत होती, न्हाणीघरातून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी पहिल्यांदा काठी बुडवली, आकडा लिहिला. दुसऱ्यांदा बुडवली तर पाणी चार बोटं उतरलेलं. तिसऱ्यांदा आणखी सहा. मी छपराच्या दुसऱ्या कडेला गेले आणि खाली पाहिलं.

मागच्या दाराशी लिंबाचं एक झाड होतं, त्याला पाणी घालायला टाकीवरूनच घेतलेली एक तोटी. तोटीशी रामकली बसली होती. दार अर्धवट उघडं, आणि दाराबाहेर बायकांची रांग. आठ-नऊ जणी असतील. कुणी काही बोलत नव्हतं. रामकली एकेकीचा घडा घेई, खाली कापडाची चुंबळ ठेवून त्यावर भरे, म्हणजे भांडं वाजू नये, आणि बाहेर देई. काका उभे असत त्या बोळातून हे दार दिसत नसे. अंघोळीची ती दहा-बारा मिनिटं हीच एक वेळ होती जेव्हा काका एका जागी खिळलेले असत.

रामकलीने वर पाहिलं. तिचा हात तोटीवर तसाच राहिला. बाहेरच्या एका बाईनेही वर पाहिलं आणि डोक्यावरचा भरलेला घडा हळूच खाली उतरवून ठेवला, परत द्यायला. मी मागे सरले. वहीत मी उरलेले आकडे मनानेच लिहिले, दर वेळी एक-एक बोट उतरल्याचे. खाली येऊन वही काकांच्या हातात दिली आणि शाळेत निघून गेले. दिवसभर वर्गात माझं लक्ष नव्हतं.

परत आले तेव्हा काकूंनीच मला हाक मारली. शेजारी रामकली बसली होती.

"बस," काकू म्हणाल्या. "हिने सांगितलं मला."

मागच्या वस्तीतल्या, चामड्याचं काम करणाऱ्या लोकांची विहीर दोन महिन्यांपूर्वी ढासळली होती. चौकातल्या विहिरीवर त्यांना कुणी फिरकू देत नव्हतं. बायका लांब हजिऱ्याच्या पलीकडून पाणी आणत होत्या. त्यातली एक बाळंतीण होती. रामकलीने एक दिवस तिला मागच्या दाराने एक घडा भरून दिला, मग दुसरी आली, मग तिसरी. पहिल्या दिवशी पाणी गार झालं तेव्हा काकूंना काही माहीत नव्हतं. त्या दिवशी दुपारी रामकली त्यांच्यापुढे येऊन रडली. काकूंनी तिला थांबायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सकाळी, मी आत असते तेव्हाच."

"पण काकू, तुम्ही गार पाण्यात बसता."

"दोन-चार मिनिटं. फरक नाही पडत."

फरक पडत होता. त्यांना खोकला झाला होता आणि तो त्या पदराआड दाबत होत्या.

"काकांना सांगितलं असतं तर? ते नाही म्हणाले नसते."

"नसते म्हणाले. त्यांनी उलट मोठी तोटी बसवून दिली असती." काकूंना जरा हसू आलं. "पण उद्या कुणी येऊन विचारलं, की तुमच्या मागच्या दाराने कोण पाणी भरतं, तर ते सगळं नीट सांगतील. कोण, किती घडे, कितीला. मग गल्लीतले आपला नळ तोडायला लावतील. त्या बायकांचं तर विचारूच नकोस. ह्यांना माहीत नसलेलंच बरं."

रामकली म्हणाली, "बहनजी, आप भी मत बताना."

मी हो म्हणाले.

दिवेलागणीला काका वर आले. हातात माझी वही. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"पहिले तीन आकडे तू मोजलेत," ते म्हणाले. "पुढचे नाही."

मी कंदिलाची काच पुसायला घेतली.

"मोजलेलं पाणी असं शहाण्यासारखं एक-एक बोट उतरत नाही. कधी अर्धं उतरतं, कधी दीड. हे लिहिलेलं पाणी आहे." ते रागावले नव्हते. माझ्याकडे ते कारखान्यात बिघडलेल्या यंत्राकडे बघत असतील तसे बघत होते, कुतूहलाने आणि थोड्या काळजीने. "काय पाहिलंस?"

मी मान खाली घातली. ते "बरं" म्हणून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबाशी कुणी नव्हतं. काका स्वतः छपरावर होते. मी सज्ज्यातून पाहत होते. त्यांनी एकदा काठी बुडवली, मग ती टाकीला टेकवून ठेवली आणि कडेपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ. खालून पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला नाही, कारण खालच्या कुणीच त्या दिवशी वर पाहिलं नव्हतं. मग ते पाऊल न वाजवता मागे आले आणि माझ्या शेजारून जिन्याने खाली उतरले.

अंघोळ झाल्यावर दोघांचं बोलणं मी जिन्यात उभी राहून ऐकलं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी दुपारपासून."

"आणि रोज गार पाण्यात बसलीस. मी बाहेर मेणाचे थेंब मोजत होतो, आणि तू आत बसलीस."

काकू पदराआड खोकल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कुणी विचारलं असतं म्हणून."

काकांनी फक्त विचारलं, "हात फार गारठला का?" आणि काकू म्हणाल्या, "हा नाही गारठला. ह्याला कळतच नाही ना." त्यांचा उजवा हात.

त्या आठवड्यात काकांनी मागच्या भिंतीला लागून एक मोठं लोखंडी पिंप उभं केलं, त्याला संध्याकाळच्या नळाची वेगळी नळी जोडली आणि मागच्या दाराच्या आत, गल्लीतून दिसणार नाहीत अशा दोन तोट्या काढल्या. या कामाला त्यांनी मिस्त्री बोलावला नाही. मिस्त्रीने विचारलं असतं, हे कशासाठी. चार दिवस एकटे खपले, तळव्याला फोड आले. टाकीच्या पाण्याला आता कुणी हात लावेना आणि काकूंच्या अंगावर पुन्हा पहिल्यासारखं गरम पाणी पडू लागलं. खोकलाही हळूहळू गेला.

एक गोष्ट मात्र नवी सुरू झाली. सकाळी बंबाशी उभं राहून काका मोठ्याने भूपाळ्या म्हणू लागले. त्यांना सूर अजिबात नव्हता. आईला वाटलं, म्हातारपणी देवाकडे ओढा लागला असेल. मला माहीत होतं की मागच्या दाराचे आवाज कानावर येऊ नयेत म्हणून ते गात होते. जे ऐकलं नाही ते विचारल्यावर सांगावं लागणार नाही, असा त्यांचा हिशोब असावा.

वस्तीतली विहीर पुढे दोन पावसाळे गेल्यावर बांधली गेली. काकू आणखी चार वर्षं जगल्या आणि शेवटच्या आजारापर्यंत न्हाणीघराची कडी आतून लावून अंघोळ करत राहिल्या. पण काकांची आठवण निघाली की मला आठवते ती एक दुपार, पिंप बसवल्यानंतर महिन्याभरातली.

मी काकूंच्या लोकरीच्या बंडीला काज करून देत बसले होते. चौकातल्या विहिरीची व्यवस्था बघणारे एक वयस्कर गृहस्थ आले. पूर्वी दरबारात मानाच्या जागेवर असलेल्या घराण्यातले, गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. चहा झाला, थंडीबद्दल बोलणं झालं. मग ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. तुमच्या मागच्या गल्लीत सकाळी वस्तीतल्या बायका घडे घेऊन दिसतात म्हणे. त्यांना पाणी कुठून मिळतं, काही कळत नाही. म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुम्ही सांगाल ते खरं असेल."

रामकली दारात परात घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. काकूंनी डावा हात उजव्या हातावर ठेवला. मी सुई टोचून घेतली.

काका म्हणाले, "सकाळी मी बंबाशी असतो. मागच्या बाजूला जात नाही."

हे खरं होतं. मला वाटलं, निभावलं.

"ते झालं हो," गृहस्थ म्हणाले. "पण तुमच्या इथून तर नाही ना देत कुणी?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "नाही."

गृहस्थांनी समाधानाने मान हलवली. आणखी थोडं बोलून ते उठले, काका त्यांना दारापर्यंत पोचवून आले आणि पुन्हा आपल्या जागेवर बसले. रामकली परात घेऊन गुपचूप आत गेली.

"मला वाटलं होतं, जास्त वेळ लागत असेल," काका म्हणाले.

"कशाला?" काकूंनी विचारलं.

"हे असं सांगायला. एवढासाच लागला." ते आपल्या हातांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते पुन्हा येतील का?"

"येतील," माझ्याऐवजी काकूच म्हणाल्या. "आणि दुसरेही विचारतील."

"म्हणजे पुन्हा सांगावं लागेल."

"हो."

काकांनी यावर विचार केला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, डोळे बारीक झाले, एखादं नवीन काही समोर आलं की होत तसे.

"दुसऱ्या वेळी कमी लागतो की तेवढाच," ते म्हणाले, "ते बघायला हवं."